मुलाचे मेसेज चोरून वाचले, आता त्याला सांगायचं कसं?

पत्राचा सारांश: एका १४ वर्षांच्या मुलाच्या आईचं हे पत्र. मुलाला बाराव्या वर्षी फोन दिला, तेव्हा वडिलांनी त्यात एक ॲप टाकलं. आपण कुठे आहोत हे आईबाबांना दिसतं, एवढं मुलाला माहीत आहे. त्याच ॲपमधून त्याचे मेसेजही दिसतात, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नाही. वडिलांनी काही दिवसांत बघणं सोडून दिलं. आईचं सुटलं नाही. मुलगा झोपला की ती दिवसभराचे मेसेज वाचते, आणि वाचल्याशिवाय तिला झोप येत नाही. गेल्या महिन्यात तिला कळलं, की वर्गातल्या मुलांच्या एका ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर फिरताहेत. बाकावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून तो झोपलाय असा फोटो, आणि खाली दर वेळी काहीतरी नवं लिहिलेलं. ग्रुपवर तो त्यावर हसण्याच्या इमोजी टाकतो आणि रात्री एका जवळच्या मित्राला लिहितो, 'उद्या जायचंच नाहीये मला.' मित्र म्हणाला, घरी सांग. त्यावर याचं उत्तर, 'सांगून काय होणार? त्यांना फक्त मार्कांचं पडलंय.' तेव्हापासून आई आडून आडून विचारतेय, 'शाळेत सगळं ठीक ना?' तो 'हो' म्हणून विषय संपवतो. बाबांचं म्हणणं, 'त्याला सांगू नकोस. एकदा कळलं की सगळं लपवायला शिकेल, आणि उद्या खरंच मोठं काही झालं तर आपल्याला पत्ताही लागणार नाही.' नणंद म्हणते, 'आपल्या आया दप्तर तपासायच्याच की!' आईचे प्रश्न दोन: आपण मेसेज वाचतो हे त्याला सांगावं का? आणि ॲप ठेवावं की काढावं?

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. हो, त्याला सांगा. आणि ॲप काढा. आता त्याच्यावर अजिबात लक्षच ठेवू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी तुमची आजची अडचण. मुलाला वर्गात त्रास होतोय हे तुम्हाला महिनाभर माहीत आहे, आणि या महिन्यात तुम्हाला त्यावर काहीही करता आलेलं नाही. वर्गशिक्षकांशी बोलावं, तर ते त्याला विचारणार. त्या मुलांपैकी कुणाच्या आईशी बोलावं, तर दुसऱ्या दिवशी वर्गभर होणार. त्यालाच जवळ घेऊन विचारावं, तर 'तुला कुणी सांगितलं?' हा त्याचा पहिला प्रश्न. म्हणजे ज्या ॲपमुळे तुम्हाला कळलं, त्याच ॲपने तुमचं तोंड बांधून ठेवलंय. 'मोठं काही झालं तर कळायला हवं' ही बाबांची भीती मला समजते. पण हे जे चाललंय ते काही किरकोळ नाही. ते कळलं. पुढे काय झालं? तुम्ही रोज रात्री वाचत राहिलात आणि तो रोज सकाळी शाळेत जात राहिला. उद्या याहून मोठं काही कळलं तरी अडचण हीच असेल. फरक एवढाच, की तेव्हा गप्प बसणं परवडणार नाही, आणि आई आपले मेसेज वाचते हे त्याला नेमकं त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी कळेल.

हे सगळं ज्या समजुतीवर उभं आहे, ती अशी: जितकं जास्त बघू, तितकं मूल आपल्याला जास्त कळेल. ऐकायला बिनतोड वाटतं. हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्वीडनमधली १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक होते, म्हणजे अगदी तुमच्या मुलाच्या वयाची मुलं. तोवर असं धरून चालत, की ज्या पालकांना मुलांचं सगळं ठाऊक असतं त्यांची मुलं कमी वाहवत जातात, आणि पालकांना ते ठाऊक असतं कारण ते नीट लक्ष ठेवतात. यातला पहिला भाग खरा ठरला. दुसरा भाग टिकला नाही. पालकांना जे माहीत होतं, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं होतं. खोदून विचारणं आणि पाळत ठेवणं यांचा वाटा त्यामानाने थोडा होता. हा अभ्यास स्मार्टफोनच्या आधीचा आहे, आणि त्यावर पुढे तज्ज्ञांमध्ये बरीच चर्चाही झाली. पण तुमच्या घरात गेला महिनाभर जे घडतंय, ते त्याच्याशी तंतोतंत जुळतं.

'त्याचं सगळं मला दिसेल कसं?' असा प्रश्न धरला की उत्तर म्हणून ॲप येतं. 'तो मला आपणहून का सांगत नाही?' असा धरला, तर उत्तर तुमच्याच पत्रात आहे. 'त्यांना फक्त मार्कांचं पडलंय.'

ॲपबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. या वाक्याबद्दल मात्र एकच ओळ: 'खूप वाईट वाटलं, आम्ही त्याच्यासाठी काय नाही केलं!' वाईट वाटणारच. पण इतक्या रात्री वाचलेल्या शेकडो मेसेजमध्ये तुमच्या खऱ्या उपयोगाचा हा एकच मेसेज आहे, आणि तुम्ही त्यावरून पटकन पुढे गेलात. त्याचं म्हणणं कदाचित अन्यायाचं असेल. अर्धवट असेल. तरी तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ती यात आहे, आणि ती त्याने मित्रापाशी अगदी सहज बोलून दाखवलीय. गेल्या आठवड्यात तो घरी आल्यावर त्याला विचारलेले पहिले दोन-तीन प्रश्न आठवून बघा. पेपर मिळाले का? किती पडले? प्रोजेक्ट कधी द्यायचाय? यात चुकीचं काहीच नाही, सगळ्या घरांत हेच विचारतात. पण संध्याकाळच्या बोलण्यात एवढंच असेल, तर त्यात 'माझ्या फोटोला सगळे हसतात' हे तो घुसवणार कुठे?

आणि सांगितलंच तर काय होईल, याचाही अंदाज त्याने बांधला असणार. आईच्या डोळ्यांत पाणी. बाबा तावातावाने शाळेत. 'पण तू वर्गात झोपलासच का?' आणि सगळ्यात शेवटी, 'बघितलंस, या फोनपायी होतं हे!' म्हणून फोन जमा. ऑनलाइन काही वाईट घडलं तरी मुलं घरी बोलत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे शेवटचं वाक्य असतं. मुलाच्या हिशेबाने पाहा: त्रास दिला दुसऱ्यांनी, आणि शिक्षा त्याला.

'सगळं ठीक ना?' हा प्रश्नही तसा सोयीचाच, त्याच्याही आणि तुमच्याही. त्यात 'हो' आयतं ठेवलेलं असतं. शिवाय मुलं बारकाईने ऐकतात. एरवी अभ्यासाचं विचारणारी आई महिनाभर रोज 'मित्र कसे आहेत, वर्गात कोण कोण त्रास देतं' असं विचारू लागली, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे १४ वर्षांच्या मुलाच्या लक्षात येतं. त्याला आत्ताच संशय आला असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मेसेज वाचून मूल कळतं, यावरही माझा फारसा भरवसा नाही. तुम्हीच लिहिलंय, की एका रात्री त्याने 'मेलो मी' लिहून पुढे कवटी टाकली होती आणि तुम्ही पहाटेपर्यंत जाग्या होतात. या वयाच्या मुलांत कवटी म्हणजे हसून हसून मेलो. त्या रात्री तो बहुधा मजेत होता. आणि ज्या ग्रुपवर तो हसण्याच्या इमोजी टाकतो, तिथे त्याला रडू येत असणार. पडद्यावर दोन्ही उलटं दिसतं. सूर, चेहरा, मधली शांतता यातलं काहीच तिथे नसतं. ते घरातल्या वावरात असतं, आणि ते बघायला ॲप लागत नाही.

वाचल्याशिवाय झोप येत नाही, असं तुम्ही म्हणता. काळजीचं हेच असतं. एकदा तपासलं की घटकाभर बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच दुसऱ्या रात्री हात पुन्हा तिकडे जातो. काळजी त्याने कमी होत नाही, तिला सवय लागते. ॲप गेल्यावर पहिले काही दिवस त्याच्याइतकेच तुम्हालाही जड जातील, हे आत्ताच धरून चाला.

आता नणंदबाईंचं दप्तर. तपासायच्या आपल्या आया, खरंच आहे. पण समोर तपासायच्या, दप्तर पालथं करून, आपण तोंड वाकडं करत उभे असताना. आणि दप्तरात मित्राशी रात्री झालेलं बोलणं नसायचं. ते बोलणं आपल्या आयांच्या कानावर कधीच गेलं नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडलं नाही. शिवाय हे बोलणं एकट्या तुमच्या मुलाचं नाही. त्याला 'घरी सांग' म्हणणारा मित्र तुम्हाला लिहीत नव्हता. त्या पोराने जे लिहिलं तेही तुम्ही वाचलंत, आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीकडेही ते गेलं असण्याची शक्यता आहे.

हा कंपनीचा मुद्दा पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मेसेज तुमच्या फोनवर दिसतात, म्हणजे ते बहुतेक वेळा मध्ये कुणाच्या तरी सर्व्हरवरून येतात. मुलांवर नजर ठेवणाऱ्या अशाच एका ॲपच्या सर्व्हरवरून २०१८ मध्ये पालकांचे ईमेल आणि मुलांच्या ॲपल आयडीचे पासवर्ड उघड्यावर पडले होते, आणि पासवर्ड सांकेतिक रूपात न बदलता जसेच्या तसे ठेवलेले होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'स्पायफोन' या ॲपच्या कंपनीला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढलं आणि गोळा केलेली माहिती नष्ट करायला लावली. याउलट गुगलचं फॅमिली लिंक किंवा ॲपलचं स्क्रीन टाइम बघा. वेळेची मर्यादा घालता येते, नवं ॲप घ्यायला परवानगी लागते, पण मुलाचे मेसेज उघडून वाचायची सोय त्यांत नाही, आणि ते मुलापासून लपूनही राहत नाही. या कंपन्या काही साधुसंत नाहीत. तरीही ही रेघ त्यांनी ओढलीय, हे ध्यानात घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २०२१ मध्ये म्हटलंय, की पालकांनी मुलांच्या डिजिटल वावरावर ठेवलेलं लक्ष बेताचं आणि मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावं. बारा वर्षांच्या मुलासाठी बसवलेली गोष्ट चौदाव्या वर्षीही तशीच चालू असेल, तर तिथेच ती बेताबाहेर गेली.

'सांगितलं तर विश्वास जाईल' असंही तुमच्या पत्रात आहे. विश्वास मोडायचा तेव्हा मोडून झालाय, फक्त त्याला अजून कळलेलं नाही. तुमच्या हातात एवढंच उरलंय, की ते त्याला तुमच्या तोंडून कळावं की अचानक सापडावं. मुलांना स्वतःचा फोन आपल्यापेक्षा जास्त कळतो. बॅटरी लवकर का उतरते, सेटिंगमध्ये हे अनोळखी नाव कसलं, याचा शोध एखाद्या दुपारी तो सहज लावेल, आणि मग ते तुम्हाला सांगेलच असं नाही. दुसरा एखादा फोन मिळवेल, किंवा तुम्ही वाचावं म्हणून मुद्दाम गोड मेसेज लिहील. २०१८ च्या एका अभ्यासात संशोधकांनी गुगल प्लेवर अशा ॲपबद्दल खुद्द मुलांनी लिहिलेले ७३६ अभिप्राय वाचले. त्यांतल्या ७६ टक्के मुलांनी एकच तारा दिला होता. एकच तारा का, हे सांगताना अनेकांनी लिहिलं होतं, की या ॲपमुळे आईबाबांशी असलेलं नातं बिघडलं.

आता बाबांना बरोबर घेणं. ॲप त्यांनी टाकलंय, तेव्हा हे तुम्ही एकटीने परस्पर उरकू नका. त्यांना 'मोठं काही' म्हणजे नेमकं काय वाटतं, ते विचारा. मोघम भीतीशी वाद घालता येत नाही. बहुधा यादी अशी निघेल: अनोळखी मोठ्या माणसाने गोड बोलून जवळीक साधणं, खाजगी फोटो मागून मग पैशांसाठी धमकावणं, नशा, जिवाचं बरंवाईट. यातली एकही भीती पोकळ नाही. फोटोवरून पैसे उकळण्याचंच घ्या. अमेरिकेची एफबीआय गेली काही वर्षं सांगतेय, की यात बहुतेकदा १४ ते १७ वयाचे मुलगे सापडतात. समोर मुलगी आहे असं वाटत असतं, एक फोटो जातो, आणि लगेच धमक्या सुरू. हे कधी कधी काही तासांत घडतं. रात्री अकरा वाजता दिवसभराचे मेसेज वाचणाऱ्या आईच्या हाती ते वेळेत लागेलच असं नाही, आणि आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजमध्ये तर मुळीच नाही. तिथे कामी येतं ते मुलाने त्याच रात्री दार वाजवून 'बाबा, घोळ झालाय' म्हणणं. ते तो तेव्हाच म्हणेल, जेव्हा आपल्याला आधी ओरडा बसणार नाही अशी त्याची खात्री असेल. तेव्हा बाबांना सांगा, पाळतीपेक्षा हे जास्त गरजेचं काम त्यांच्याकडे द्यायचंय. त्यांनी त्याला आत्ताच सांगून ठेवावं: पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, आणि थेट माझ्याकडे यायचं. 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा आहे, तीही दोघांनी मिळून बघून ठेवावी. १८ वर्षांखालच्या मुलांचे खाजगी फोटो पसरू नयेत म्हणून ती आहे. फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही. त्याचा एक सांकेतिक ठसा तेवढा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्याकडे तो फोटो शोधून काढतात.

बाबा तरीही नाहीच म्हणाले तर? तर तुम्ही वाचणं थांबवा, आणि तुम्ही वाचत होतात हे त्याला सांगा. तेवढं तरी पूर्णपणे तुमचं आहे. त्यानंतर ॲप ठेवायला कारण उरणार नाही.

सांगायचं कधी आणि कसं, ते आता. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला त्याच ग्रुपला तोंड द्यावं लागणार नाही. परीक्षेच्या तोंडावर नको. समोर खुर्चीत बसवून बैठक तर मुळीच नको. वाक्यं साधी ठेवा. 'तुला एक सांगायचंय, आणि ते ऐकून तुला राग येणार आहे. तुझ्या फोनमधल्या त्या ॲपमध्ये तुझे मेसेजही दिसतात. हे आम्ही तुला सांगितलं नव्हतं. मी ते वाचत होते. हे चुकलं. ॲप आज काढून टाकू.' बस, एवढंच. यापुढे 'तुझ्या भल्यासाठीच रे' जोडू नका. ते जोडलं की त्याला फक्त तेवढंच ऐकू येईल. 'पण तूही कधी काही सांगत नाहीस' हे तर ओठांवरही आणू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण तुमची समजूत काढायची पाळी त्याच्यावर आणू नका. आणि त्याच संध्याकाळी माफी पदरात पाडून घ्यायची घाई नको.

मग स्टिकरचं. 'वर्गातल्या ग्रुपवर काय चाललंय ते मी वाचलंय. तुला विचारल्याशिवाय मी शाळेत किंवा कुणाच्या घरी एक शब्द बोलणार नाही. फोनही घेणार नाही.' मित्राने काय लिहिलं, ते उगाळू नका. मार्कांचं वाक्य त्याच्या तोंडावर तर मारूच नका. तोच म्हणाला, 'म्हणजे तेही वाचलंस?' तर हो म्हणा, आणि 'तुला तसं वाटलं, म्हणजे आम्ही तसं वागत असणार' एवढं बोलून थांबा.

तो चिडेल. दार आपटेल, दोन दिवस बोलणार नाही, पासवर्ड बदलेल. नवा पासवर्ड मागू नका. बाबा म्हणतील, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' लपवेल का? काही गोष्टी लपवेलच. चौदाव्या वर्षी आईपासून काहीच न लपवणारं मूल मला तरी अजून भेटलेलं नाही.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. 'उद्या जायचंच नाहीये' हे मी शाळेबद्दलचं वाक्य म्हणून वाचतेय, तुम्हीही तसंच वाचलं असेल. तरी एकदा सरळ विचारून घ्या: 'कधी असं वाटतं का, की जगूच नये?' असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही; असलेला बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा तो गप्प राहिला आणि गेले काही दिवस झोप, भूक, आवडीनिवडी बदललेल्या दिसत असतील, तर 'विचारल्याशिवाय काही करणार नाही' हा शब्द तिथे लागू नाही, हे त्यालाच सांगून त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

एरवी स्टिकरच्या बाबतीत त्याला पुढे असू द्या, तुम्ही मागे राहा. ग्रुप सोडायच्या आधी नावं आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, कारण नंतर ते मिळत नाहीत. व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडला तर २०२२ पासून सगळ्यांना नाही, फक्त ॲडमिनना सूचना जाते. स्टिकर टाकणाऱ्याला रिपोर्ट केलं, तर त्याने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि रिपोर्ट कुणी केलं हे त्याला सांगितलं जात नाही. आपल्याला ग्रुपमध्ये कुणी घालावं, हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं. पण ग्रुप सोडणं त्याला हार वाटू शकते, किंवा गृहपाठाचे निरोपही तिथेच येत असतील. त्याला राहायचं असेल तर राहू द्या. 'तू त्यावर हसतोस तरी कशाला?' असं विचारू नका. तिथे हसणं हीच त्याची ढाल आहे. हे थांबलं नाही तर कुठल्या दिवशी शाळेत जायचं, हे त्याच्याबरोबर ठरवा आणि तो दिवस पाळा. शाळेत गेलात तर सगळ्यांना एका रांगेत उभं करून हात मिळवायला लावणारा समेट नको, असं स्पष्ट सांगा. त्याने प्रकरण मिटत नाही, नुसतं ग्रुपचं नाव बदलतं.

मग लक्ष ठेवायचंच नाही का? ठेवायचं, उघडपणे, आणि मेसेज सोडून. तो कुठे आहे हे तुम्हाला दिसावं, असं वाटत असेल तर तुम्हीही कुठे आहात हे त्याला दिसू दे. दोन्हीकडून असलं की त्याला पाळत म्हणत नाहीत. रात्री सगळ्यांचे फोन झोपायच्या खोलीबाहेर, आईबाबांचे धरून. हा नियम पाळणं मुलापेक्षा आपल्याला अवघड जातं, आणि तुम्हाला त्याची गरज जरा जास्तच आहे. नवं ॲप घेताना तो सांगेल. आणि फोन कधी उघडून बघावा लागेल, तेही आधीच ठरवून लिहून ठेवा: जिवाला धोका, अनोळखी मोठ्या माणसाची लगट, पैशांची किंवा फोटोची धमकी. तेव्हाही तो समोर असताना, त्याला सांगून. हे नियम कायमचे नसतात. दर सहा महिन्यांनी बसून त्यातलं एखादं काढून टाकायचं, असं ठरलं की मुलंही ते निमूट पाळतात, कारण पुढे काय मिळणार ते दिसत असतं.

ज्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत, त्यांनी हे वाचून घाबरू नये. त्या वयात फोन आईबाबांचाच असतो, मूल तो सगळ्यांसमोर वापरतं, आणि 'मी बघणार आहे' असं सांगून बघण्यात काही वावगं नाही. सतरा वर्षांच्या मुलांचे मेसेज वाचणाऱ्यांना मात्र माझं सांगणं कडक आहे: वर्षभरात ते मूल घराबाहेर पडेल, तेव्हा तुमच्या नजरेशिवाय वागायची सवय त्याला कुठे लागणार? आणि ज्यांनी असं ॲप गुपचूप टाकलंय पण अजून काही सापडलेलं नाही, त्यांनी आजच सांगून मोकळं व्हावं. काही सापडायच्या आधी सांगणं फार सोपं असतं.

ॲप काढताना थोडं बारकाईने काढा. नुसतं फोनवरून पुसल्याने कंपनीकडची माहिती जात नाही. आधी त्या खात्यात जाऊन साठलेला डेटा पुसायची विनंती करा, मग खातं आणि वर्गणी बंद करा. असली बरीच ॲप बसवताना अँड्रॉइड फोनमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप ओळखणारं गुगलचं संरक्षण, बंद करायला सांगतात आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचू देणारी, परवानगी मागून घेतात. ते संरक्षण पुन्हा चालू झालंय का, ती परवानगी गेलीय का, बघा. त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'खाली तुमच्यापैकी कुणाचं यंत्र जोडलेलं नाही ना, तेही तपासा. हे सगळं त्यालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. तुमच्याहून लवकर उरकेल.